ताटातील अन्न आणि शिवारातील पाणी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बार्शीटाकळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने ह्या वर्षी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. १९७४ साली मॅट्रिक होऊन पुढे आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना अंकगणित व सामान्य विज्ञान शिकविले, एवढीच आमची पुंजी. परंतु ज्या विषयावर आज बोलावयाचे आहे, तो विषय समजून घेण्यास चौथीचे विज्ञान आणि पाचवीचे त्रैराशिक पुरेसे आहे असे आमचे मत आहे. म्हणूनच हे धाडस केले.

विषय असा : आपण मांस आणि दूधदुभते जेवढे खातो, त्यापेक्षा थोडे कमी खावे काय, आणि खावे तर ते कोणत्या कारणाने? ह्या प्रश्नाचे धर्माच्या अंगाने आलेले उत्तर आपण सर्वांनी कीर्तनांतून ऐकले आहे. आज आम्ही त्या अंगाने बोलणार नाही. आमचे बोलणे पाणी, जमीन आणि हवा ह्या तीन गोष्टींपुरतेच राहील.

आरंभीच एक खुलासा करणे आम्हांस अगत्याचे वाटते. आपल्या देशात ताटावरून माणसाची पायरी ठरविण्याची एक जुनी आणि वाईट रीत होती. अजूनही ती पुरती गेली नाही. कोण काय खातो ह्यावरून त्यास पंगतीत कोठे बसवावयाचे हे ठरत असे. त्या रीतीचे समर्थन आमच्या तोंडून कधी होणार नाही. मांस खाणारा हीन आणि न खाणारा श्रेष्ठ, असा अर्थ आमच्या बोलण्यातून कोणी काढू नये. येथे प्रश्न सोवळ्याओवळ्याचा नसून हिशेबाचा आहे, आणि हिशेबास जातपात नसते.

आता मूळ विषयाकडे वळू.

शाळेत आम्ही मुलांना अन्नसाखळी शिकवीत असू. गवत सूर्याच्या उजेडावर वाढते, बकरी गवत खाते, माणूस बकरीस खातो. मुले ते पाठ म्हणत. परंतु त्यातील खरी मेख ही की, प्रत्येक पायरीवर अन्नाचा मोठा वाटा खर्ची पडतो. बकरी जे खाते त्यातील बहुतेक भाग तिच्या चालण्याफिरण्यात, श्वासोच्छ्वासात आणि अंग ऊबदार ठेवण्यात जातो. थोडाच भाग मांसरूपाने शिल्लक राहतो. त्यामुळे माणसाने धान्य व डाळ थेट खाणे आणि तेच जनावरास घालून मग त्याचे मांस वा दूध घेणे, ह्यांत फार मोठे अंतर पडते. दुभत्या जनावराचे उदाहरण घ्या. गोठ्यातील जाणकार सांगतात की, अंगपोषणास दीडदोन किलो खुराक घालून शिवाय दर दोन-अडीच लिटर दुधामागे सुमारे एक किलो खुराक द्यावा लागतो. त्यावर २० ते २५ किलो हिरवा चारा, पाचसहा किलो कडबा-कुटार, आणि पिण्यास दिवसाकाठी ६० ते ८० लिटर पाणी. दुधाचा पेला आपल्या हाती येतो तो एवढे सगळे मागे ठेवून येतो.

पाण्याचा हिशेब प्रथम मांडू, कारण वऱ्हाडात पाण्याइतका जिव्हाळ्याचा दुसरा विषय नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण साडेसातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच पडून जातो. उत्तरेस पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरीचे पाणी धड पिण्याचे नाही, धड ओलिताचे नाही. आपल्याच तालुक्यात महान येथे काटेपूर्णेचे धरण आहे आणि अकोला शहर त्या पाण्यावर तहान भागविते. ज्या वर्षी धरण भरत नाही, त्या वर्षी शहरात कित्येक दिवसांआड नळ येतो हे आपण जाणताच. अशा मुलखातील माणसाने आपल्या ताटात किती पाणी दडले आहे हे माहीत करून घेऊ नये काय?

हॉलंडमधील मेकोनन आणि हुक्स्ट्रा ह्या दोन अभ्यासकांनी सर्व जगाचा हिशेब करून २०१२ साली तो प्रसिद्ध केला. एक ग्रॅम प्रथिन मिळविण्यास किती लिटर पाणी लागते, असे त्यांनी काढले. कडधान्यांतून मिळणाऱ्या एक ग्रॅम प्रथिनास १९ लिटर, अंड्यास २९, दुधास ३१, कोंबडीस ३४ आणि शेळीमेंढीच्या मांसास ६३ लिटर. हे जगाचे सरासरी आकडे आहेत, आणि ह्यांत चाऱ्यावर पडलेले पावसाचे पाणीही धरले आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बांधावरचा पाला खाणाऱ्या बकरीने कोणाच्या विहिरीचे पाणी पळविले असे म्हणता येणार नाही. तरीही प्रमाण ध्यानात घ्या : डाळीच्या तिपटीहून अधिक पाणी मटणास.

आता त्रैराशिक करू. आपल्याकडे लग्नाच्या निमित्ताने तिखटाची पंगत होते. पाचशे माणसे जेवली आणि माणशी २०० ग्रॅम मटण धरले, तर १०० किलो मटण झाले. त्याच अभ्यासाप्रमाणे एक किलो शेळीमेंढीच्या मांसास सरासरी ८,८०० लिटर पाणी लागते. म्हणजे त्या एका पंगतीमागे ८ लाख ८० हजार लिटर. दहा हजार लिटरचे टँकर धरल्यास ८८ टँकर! त्याच पंगतीस पातोडीचा रस्सा, वरण आणि भाकर वाढली, माणशी १०० ग्रॅम डाळ व बेसन सढळ हाताने धरले, तर ५० किलो डाळ होते. किलोस सुमारे ४ हजार लिटर धरून तिचे २ लाख लिटर, म्हणजे २० टँकर. ह्या दुसऱ्या पंगतीत प्रथिने काहीशी कमी पडतील. पण भाकरीतूनही प्रथिने मिळतात, आणि एका दुपारच्या जेवणाने कोणाचे बळ कमी होत नाही. उन्हाळ्यात गावात एक टँकर आला तर त्याभोवती किती घागरी जमतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ८८ ह्या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये.

दुसरा हिशेब हवेचा. गाय, म्हैस, बकरी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्म जीव चारा आंबवितात, म्हणून तर माणसास न पचणारे कुटार त्यांना पचते. परंतु त्या आंबविण्यात मिथेन नावाचा वायू तयार होतो व तो ढेकरांवाटे बाहेर पडतो. एक मोठे जनावर वर्षाकाठी ५० किलोच्या आसपास मिथेन सोडते. हा वायू हवेत सुमारे १२ वर्षेच टिकतो, पण तेवढ्यात तो उष्णता फार धरून ठेवतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट प्रभावी मानतात. म्हणजे ५० किलो मिथेन हा १,३५० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा झाला. राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली असा अंदाज दिला की, माणसाच्या व्यवहारामुळे हवेत जाणाऱ्या उष्णताधारक वायूंपैकी साडेचौदा टक्के वायू पशुपालनातून जातात. २०२३ च्या अहवालात तिने हा वाटा सुमारे १२ टक्के धरला. आकडा कोणताही घ्या, तो लहान नाही.

२०१८ साली पूर आणि नेमेचेक ह्या दोन संशोधकांनी ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून ताटातील पदार्थांची तुलना केली. १०० ग्रॅम प्रथिनांमागे मटणाचे सुमारे २० किलो वायू, कोंबडीचे सुमारे ६, अंड्यांचे सुमारे ४, आणि डाळी-कडधान्यांचे एक किलोहूनही कमी, असे त्यांस आढळले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. जगातील शेती व चराईच्या जमिनीपैकी ८३ टक्के जमीन मांस, दूध, अंडी इत्यादींसाठी वापरली जाते. परंतु त्यातून मिळणारे उष्मांक १८ टक्के आणि प्रथिने ३७ टक्केच आहेत. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनचे अरण्य तुटले, ते मुख्यतः गुरांच्या कुरणांसाठी.

कोणी म्हणेल, ब्राझीलचे अरण्य कोठे आणि आमची बार्शीटाकळी कोठे! परंतु संबंध आहे. आमच्या लहानपणी ह्या शिवारात ज्वारी, कपाशी, तूर, मूग, उडीद अशी पिके होती. ज्वारीचा दाणा माणसास आणि कडबा गुरास, असा तो सरळ वाटा होता. पुढे सोयाबीन आले आणि ज्वारी हटत गेली. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती रोकड दिली हे खरे आहे व त्याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्या सोयाबीनचे पुढे काय होते? तेल निघते पाचवा हिस्सा. राहिलेल्या पेंडीचा मोठा भाग कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जातो. म्हणजे आपल्या काळ्या जमिनीत पिकलेले उत्तम प्रथिन आधी कोंबडीच्या पोटात जाते, आणि तेथून उरलेले आपल्या ताटात येते. तिकडे कडबा गेल्यामुळे गुरांचा चारा विकत घ्यावा लागतो, आणि ज्या ई-क्लास जमिनीवर गावची गुरे चरत, त्या जमिनीही गावोगाव आक्रसल्या. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्याअभावी शेतकऱ्यांनी दावणीची जनावरे मिळेल त्या किमतीस विकली, हे आम्ही शाळकरी वयात पाहिले आहे. चारापाण्याच्या मानाने जनावरे अधिक झाली की अवर्षणाच्या वर्षी पहिला घाला त्यांच्यावरच पडतो.

आता आपल्या मनात येणाऱ्या शंकांचा विचार करू. शंका रास्त आहेत आणि त्यांस उत्तर देणे हे वक्त्याचे कर्तव्य आहे.

पहिली शंका अशी की, हिंदुस्थानातील माणूस मुळातच मांस फार कमी खातो. कमी खाण्याचा उपदेश अमेरिकेस करावा, आम्हांस का? ही शंका पुष्कळ अंशी खरी आहे. २०१९ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगासाठी आहार सुचविला, तेव्हा आपल्या भागातील लोक तांबडे मांस त्या मर्यादेपेक्षाही कमी खातात असेच त्यात दिसून आले. परंतु दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक, सरासरी ही फसवी असते. ज्याच्या घरी आठवड्यातून तीनदा मटण-कोंबडी शिजते आणि ज्याच्या घरी वर्षातून दोनदा, त्या दोघांची सरासरी काढून पहिल्याने समाधान मानणे बरे नव्हे. दुसरी गोष्ट दुधाची. मांसात नसलो तरी दुधात आपण जगात पहिले आहोत, आणि १९९८ पासून आहोत. २०२३-२४ साली देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध झाले. म्हणजे माणशी रोजचे ४७१ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रौढ माणसाच्या रोजच्या ताटासाठी दूध व दही मिळून ३०० मिलिलिटर पुरेसे मानले आहे आणि डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम सुचविली आहेत. आपल्यापैकी ज्यांची स्थिती बरी आहे, त्यांच्या घरी पहिला आकडा ओलांडला जातो आणि दुसरा गाठला जात नाही, असा आमचा अदमास आहे. घरी जाऊन मोजून पाहावे.

दुसरी शंका भगिनींकडून येईल, आणि ती सर्वांत मोलाची आहे. मांस, दूध कमी केले तर मुलांचे बळ कसे राहील? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणून आम्ही अगदी स्पष्ट शब्दांत सांगतो : गर्भवती, बाळंतीण, वाढत्या वयाचे मूल आणि आजारातून उठलेला माणूस, ह्यांच्या ताटातील दूध किंवा अंडे कोणीही काढून घेऊ नये. ज्या घरात ते पोहोचलेच नाही, तेथे ते पोहोचविले पाहिजे. कमी करावयाचे ते ज्याच्या ताटात जास्त आहे त्याने. इतरांसाठी असे की, तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तेवढ्याच मटणाहून ती कमी नाहीत. डाळीत जे उणे असते ते ज्वारी-गव्हात असते आणि धान्यात जे उणे ते डाळीत. म्हणून भाकर आणि वरण ही जोडी आपल्या पूर्वजांनी जमविली ती शास्त्रशुद्ध ठरली. डाळभाजीवर लिंबू पिळले तर तीतील लोह अंगी अधिक लागते. मात्र बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीतून मिळत नाही. म्हणून थोडे दूध, दही वा अंडे ठेवावे, अगर वैद्याच्या सल्ल्याने औषध घ्यावे. आम्ही 'कमी' म्हणतो, 'बंद' म्हणत नाही, ह्याचे हेही एक कारण आहे.

तिसरी शंका आपल्याच समाजातील गोरगरिबांची. दोन बकऱ्यांवर पोट भरणारी विधवा, किंवा सकाळ-संध्याकाळ चार लिटर दूध डेअरीवर घालून मुलांची फी भरणारा अल्पभूधारक. त्यांच्या पोटावर हे व्याख्यान पाय देते काय? मंडळी, ह्या प्रश्नाचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. बकरी ही गरिबाची बँक होय. अडीअडचणीस ती मोडता येते. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८९ लाख बकऱ्या मोजल्या गेल्या, त्यांतील बहुतेक अशाच लहान घरांच्या दारी आहेत. तुरीचे कुटार, कडबा आणि सरकीची ढेप खाऊन जे जनावर दूध आणि शेण देते, ते माणसाच्या तोंडचा घास हिरावीत नाही; उलट निरुपयोगी वस्तूचे अन्न करते. अशा एकदोन जनावरांविरुद्ध आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती केवळ हौसेपायी वाढलेल्या मागणीविरुद्ध, जिच्यासाठी माणसाच्या खाण्याजोगे धान्य व पेंड जनावरांस घालावी लागते. पशुपालकानेही संख्या वाढविण्यापेक्षा मोजकी पण चांगली जनावरे ठेवावीत, त्यांस पोटभर चारा द्यावा आणि शेणाचा गोबरगॅस करावा. त्याने शेणातून निघणारा मिथेन हवेत न जाता चुलीखाली जळतो आणि खतही उत्तम मिळते.

आणि बैलाचे काय, पोळ्याचे काय, असे कोणी विचारील. बैल हा कामाचा सोबती आहे. त्याचा ताटाशी संबंध नाही. पोळा आपण पूर्वीप्रमाणेच आनंदाने साजरा करू.

ह्या ठिकाणी एका थोर पुरुषाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाववत नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मास आले. पुढे जग त्यांस गाडगेबाबा म्हणून ओळखू लागले. त्या काळी बारशासारख्या प्रसंगी जातभाईंना मांस व दारूची पंगत देण्याची चाल होती. ऋण काढून सण करावा लागे, पण चाल मोडण्याची छाती कोणास नव्हती. डेबूजींनी स्वतःच्या मुलीच्या बारशास ती चाल मोडली आणि गोडाधोडाचे साधे जेवण घातले. पुढे यात्रांतून होणाऱ्या पशुहत्येविरुद्ध त्यांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत कीर्तने केली. त्यांच्या मनात हवापाण्याचा हिशेब नव्हता. त्यांस मुक्या जिवाची दया होती आणि गरिबाच्या कर्जाची चिंता होती. परंतु त्यांनी एक गोष्ट सिद्ध करून दाखविली. जातीची पंगत ही देवाने घालून दिलेली नसते. ती माणसांनी घातलेली असते आणि माणसांस ती बदलता येते. आणि ती प्रथम ज्याने बदलावी, तो आपल्याच घरच्या कार्यात बदलतो; दुसऱ्याच्या दारी जाऊन उपदेश करीत बसत नाही.

कर्जाचा प्रश्न आजही आहे. लग्नाच्या पंगतीत मटण नसेल तर पाहुणे नावे ठेवतील, ह्या धाकाने ज्याची ऐपत नाही तोही बोकडांचा सौदा करतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हे सांगणे सोपे. पण समाजाने नाव ठेवले नाही तरच माणूस तसे वागू शकतो. म्हणून हे काम एकट्या बापाचे नव्हे, मंडळाचे आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. मटण काढले की पंगत आपोआप हलकी झाली, असे समजू नये. हल्ली शाकाहारी पंगतीत पनीर आले आहे. एक किलो पनीर करण्यास पाच-सहा लिटर दूध आटते. एक किलो खव्यासही चार-पाच लिटर लागते. पाचशे पानांस ४० किलो पनीर म्हटले की २०० लिटर दूध झाले. त्यावर बासुंदी आणि वर आइस्क्रीम. पूर व नेमेचेक ह्यांच्या हिशेबाने एक लिटर दुधामागे सरासरी तीन किलोहून अधिक वायू हवेत जातात. तेव्हा मटणाच्या जागी पनीर, हा उपाय अर्धाच उपाय होय. वऱ्हाडास पनीर उसने आणण्याची गरजच काय? पातोडीचा झणझणीत रस्सा, मुंगवड्यांची भाजी, डाळकांदा, फुणके, बरबटीची उसळ, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी, वांग्याचे भरीत, रोडगे, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी. ह्यांतील कोणता पदार्थ पाहुण्यासमोर ठेवण्यास लाज वाटावी असा आहे? परगावचा पाहुणा ह्या जेवणाची आठवण काढतो. पनीर त्यास त्याच्या गावीही मिळते.

आणि हे सगळे पिकते कोठे? आपल्याच शिवारात. तुरीच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र धरून जमिनीस देतात, म्हणून डाळीचे पीक युरियाचा खर्च वाचविते आणि पुढच्या पिकासही काही ठेवून जाते. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथून निघालेले हरभऱ्याचे 'जाकी ९२१८' हे वाण आपल्यापैकी अनेकांनी पेरले असेल. राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्यांत आपली ज्वारीही आली. ज्वारी-तूर खाणारे गिऱ्हाईक गावातच तयार झाले, तर ती पेरणारा शेतकरीही उभा राहील. दाणा माणसास आणि कडबा जनावरास, हा जुना सरळ वाटा पुन्हा काही अंशी तरी जमेल.

मंडळी, आता आम्ही मंडळापुढे व आपणा सर्वांपुढे काही सूचना ठेवतो. पहिली, मंडळाच्या मेळाव्याचे आणि सामुदायिक विवाहाचे जेवण डाळ-भाकर-भाजीचे असावे, त्यात पनीर-खव्याचे पदार्थ नसावेत, आणि वाचलेला पैसा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीस द्यावा. दुसरी, ज्या घरी आठवड्यातून अनेकदा मांस शिजते, त्यांनी ते एका वारावर आणावे. श्रावणात महिनाभर मांस न खाण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांस आहेच. जे एक महिना जमते ते इतर महिन्यांत निम्म्याने जमण्यास काय हरकत? तिसरी, प्रौढांनी दुधाचा चहा दिवसातून पाच वेळा घेण्याऐवजी दोन वेळा घ्यावा आणि ते दूध मुलाच्या पेल्यात जावे. चौथी, ज्याने आपल्या कार्यात साधी पंगत घातली, त्याचे नाव मंडळाच्या स्मरणिकेत आदराने छापावे. आणि ज्याने घातली नाही, त्याचा उल्लेखही करू नये. सक्ती आणि निंदा ह्या दोन गोष्टी ह्या कामात आम्हांस मुळीच नकोत.

तरुण मंडळींस आम्ही एवढेच सांगू की, एका घराने ताट बदलल्याने जगाचा उन्हाळा कमी होणार नाही, हे आम्हांसही कळते. कोळसा आणि पेट्रोल ह्यांचा वाटा अन्नाहून मोठा आहे आणि तेथे सरकारांनी व कारखान्यांनीच हालचाल केली पाहिजे. पण थेंबे थेंबे तळे साचते. विजेचे केंद्र आपल्या हाती नाही. ताट मात्र दिवसातून दोनदा आपल्या हाती येते. अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा शेतात राबणाऱ्या मजुरास त्याची झळ सर्वांआधी बसते, आणि आपल्या समाजातील निम्मी घरे तशीच राबणारी आहेत. त्यांच्याकरिता तरी हा विचार व्हावा.

कालंकादेवीचे हेमाडपंती देवालय आपल्या ह्या गावात शतकानुशतके उभे आहे. ज्यांनी ते बांधिले त्यांनी पुढच्या कित्येक पिढ्यांचा विचार करून दगड बसविला. आपण निदान नातवंडांपुरता विचार करावा. त्यांच्या विहिरीस पाणी आणि त्यांच्या शिवारात तूर राहील इतके तरी पाहावे.